आदिवासींची वनविद्या आणि तिचा मोबदला

वनौषधींवर व्याख्यान आहे असे जाहीर झाले की श्रोते वही-पेन्सिल घेऊन येतात. कोणत्या पाल्याने खोकला जातो, कोणत्या मुळीने साखर उतरते, आणि ती मुळी मिळते कोठे, एवढे टिपून घेतले की संध्याकाळ सत्कारणी लागली. त्यात वावगे काही नाही. परंतु आम्ही वैद्य नव्हे, आणि वनस्पतिशास्त्राचे पदवीधर तर मुळीच नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या गाडीत. तेव्हा औषधांची यादी आमच्याकडून मिळणार नाही. आमच्या धंद्याने आम्हांला एकच प्रश्न विचारावयास शिकविले आहे : काम कोणी केले, आणि पैसे कोणाला मिळाले? हाच प्रश्न घेऊन आज रानात शिरावयाचे आहे.

कारखान्यात मजुरी ठरते ती वेळेवर किंवा नगावर. किती तास उभा राहिलास, किती नग काढलेस, एवढेच हजेरीपटाला कळते. तिसरी एक गोष्ट कामगार देत असतो, तिच्यासाठी त्यात रकाना नाही. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) एका जुन्या फिटरने यंत्राला एक साधा लोखंडी आधार बसविला. त्यामुळे नग पकडण्याचा वेळ निम्म्यावर आला. मालकाने प्रजासत्ताक दिनी त्याला शाल-नारळ दिला, फोटो काढला. आणि पुढच्याच महिन्यात त्या कामाचा नगामागचा दर उतरविला, कारण काम आता सोपे झाले होते! दर पुन्हा पहिल्याइतका करून घेण्यास आम्हांला चार महिने भांडावे लागले. आधाराची किंमत मात्र निघाली नाही. तसे कलमच कोणत्या करारात नव्हते.

रानातल्या जाणकाराची गत याहून फारशी निराळी नाही, आणि ती आजकालची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, एक प्रांजळ कबुली आहे. ओषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी लोक, असे चरक सांगतात. एवढा मोठा ग्रंथ आरंभीच धनगर-गुराख्यांचे ऋण मान्य करतो, ही गोष्ट आमच्या मते फार मोलाची आहे. मात्र लगेच पुढे असेही म्हटले आहे की नुसते नाव-रूप ओळखून भागत नाही. कोणाला, केव्हा, कसे द्यावे ही योजना ज्याला कळते तोच खरा जाणता. म्हणजे विभागणी झाली. ओळख वनवाशाची, योजना वैद्याची. आणि विभागणी झाली की मान कोणाकडे आणि मोळी कोणाकडे, हेही ठरून जाते.

ही विभागणी आम्हांला सर्वस्वी पटत नाही. रानातला जाणकार पाला ओळखतो एवढेच नाही. हिरड्याचेच पाहा. आठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ वाळले की त्याला बाळहिरडा म्हणतात, पूर्ण पिकलेला तो सुरवारी हिरडा. झाड एक, फळ एक, पण गुण आणि भाव निरनिराळे. कोणते फळ कोणत्या पंधरवड्यात उतरवावयाचे हे ज्याला कळते त्याला योजनाही कळते. कळलावीचे उदाहरण याहून बोलके आहे. पावसाळ्यात कुंपणावर अग्निज्वाळेसारखे फूल येते तीच ही वेल. तिचा कंद जहाल विषारी. पोटात गेला तर माणूस दगावतो. बाळंतिणीला कळा लागाव्यात म्हणून जुन्या सुइणी तो उगाळून वरून लावीत, आणि वेलीचे नावच कळ-लावी पडले. विष कोठवर विष असते आणि लावावयाचे की खावयाचे, हे शोधून काढण्यास किती पिढ्या आणि किती जीव खर्ची पडले असतील! त्याचा हिशेब कोणाच्याही वहीत नाही. (हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे, हे सांगावयास नकोच. आजच्या बाळंतिणीची जागा दवाखान्यात आहे.)

मग ही विद्या रानाबाहेर आली की काय होते? सर्पगंधेची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिचा एक धागा मुंबईत आहे. ही लहानशी झुडूपवजा वनस्पती. तिची मुळी साप-विंचवाच्या विषावर, निद्रानाशावर आणि वेडावर देण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती. बिहारात तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई. १९३१ मध्ये सिद्दीकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांचे नाव दिले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून वाढत्या रक्तदाबावर ह्या मुळीचा उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रिसर्पिन निघाले आणि जगभर गेले. डॉक्टर वकिलांना पुढे, १९५७ मध्ये, अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. मुळ्या खणणाऱ्याला काय मिळाले? खणलेल्या मुळीचा वजनावर भाव, आणि तोही मधल्या दलालाच्या काट्यावर. मागणी एवढी वाढली की रानातली सर्पगंधा विरळ झाली आणि शेवटी तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

येथवरचा हिशेब एकतर्फी आहे. आता जेथे प्रथमच दुसऱ्या बाजूला काही आकडा पडला, त्या प्रकरणाकडे येऊ. आम्हांला ते महत्त्वाचे वाटते ते याच कारणाने. आणि त्यात कामगार चळवळीतल्या माणसाला ओळखीची वाटावी अशी प्रत्येक अडचण उभी राहिली, याही कारणाने.

सह्याद्रीचे दक्षिण टोक केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर अगस्त्यमलय म्हणून ओळखले जाते. शिखराची उंची १८६८ मीटर. त्याच्या उतारावर तिरुअनंतपुरम जिल्ह्यात आणि आसपास काणी नावाची आदिवासी जमात राहते. (आपल्याकडे ह्या शब्दाने हसू येईल, पण तिकडच्या भाषांत काणी म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क. हा अर्थ लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.) कंद खणणे, मध काढणे, टोपल्या विणणे, थोडी शेती, असा त्यांचा निर्वाह. जमातीच्या वस्तीचा प्रमुख तो मूट्टुकाणी, आणि औषध देणारा तो प्लाथी. प्लाथी हा वैद्यही आणि मंत्र म्हणणाराही. औषध देण्याचा अधिकार त्याचाच, आणि ही विद्या बाहेरच्याला सांगावयाची नाही असा संकेत.

१९८२ मध्ये भारत सरकारने आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाची देशभर पाहणी करण्याची योजना सुरू केली. ती सोळा वर्षे चालली आणि आदिवासी औषधासाठी वापरतात अशा सुमारे साडेसात हजार वनस्पतींची नोंद तीत झाली. ह्या पाहणीसाठी डॉक्टर पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी १९८७ च्या डिसेंबरात अगस्त्यमलयाच्या रानात हिंडत होते. बरोबर वाटाड्ये म्हणून काणी तरुण. चढ चढून शास्त्रज्ञ मंडळी थकून बसत, वाटाड्ये मात्र ताजेतवाने. ते मधून मधून कसलीशी लहान फळे चघळीत असत. शास्त्रज्ञांना दिली, त्यांनाही हुशारी वाटली. ही फळे कोणत्या झाडाची, असे विचारताच तरुण गप्प झाले. हे सांगावयाचे नसते, म्हणाले. बरीच मनधरणी झाली, ह्या माहितीचा गैरवापर होणार नाही आणि तीतून काही मिळाले तर त्यात तुमचा वाटा राहील असा शब्द दिला गेला, तेव्हा त्यांनी ते रोप दाखविले.

रोप अगदी साधे. दाट सदाहरित रानात, ओढ्याकाठच्या सावलीत, जमिनीलगत वाढणारे, हृदयाच्या आकाराच्या पानांचे. नाव आरोग्यपच्चा, पच्चा म्हणजे हिरवे. आरोग्य देणारी हिरवाई. प्रयोगशाळेत उंदरांवर चाचण्या झाल्या, थकवा घालविण्याचा गुण खरा ठरला. काणी लोक फळे खात. शास्त्रज्ञांनी पानांचा उपयोग शोधला. तिरुअनंतपुरमजवळ पालोड येथे केरळ सरकारची उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्था आहे. पुष्पांगदन तिचे संचालक झाल्यावर तेथे आरोग्यपच्चा, अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता ह्या चार वनस्पतींपासून ‘जीवनी’ नावाचे औषध सिद्ध झाले. नोव्हेंबर १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी देण्यात आला : रोख दहा लाख रुपये, आणि विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी. संस्थेने ठरविले की दोन्हींतला निम्मा वाटा काणी जमातीचा.

आम्ही हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो. शंभर रुपयांच्या मालामागे दोन रुपये, त्यांतला एक रुपया काणींचा. रुपयामागे पैसा! कोणी म्हणेल, एवढ्याचे काय कौतुक? कौतुक असे की तोवर जगात कोठेही आदिवासीच्या माहितीचा असा रोख वाटा कराराने ठरल्याची उदाहरणे शोधून काढावी लागत. आपल्या देशात त्यासाठी कायदाही नव्हता. १९९२ मध्ये रिओ येथे जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात लाभाच्या न्याय्य वाटणीचे तत्त्व आले. भारताचा कायदा मात्र २००२ चा. म्हणजे संस्थेने कायद्याच्या सात वर्षे आधी आपण होऊन हात पुढे केला होता. त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

पण करारावर सही कोणाची? परवाना देणारी संस्था, घेणारी कंपनी. ज्यांच्या माहितीवर हे उभे राहिले ते काणी त्या कागदात पक्षकार नव्हते. त्यांचा वाटा हा संस्थेचा सद्भाव होता. त्यांचा हक्क म्हणून तो कागदावर आलेला नव्हता. संघटनेच्या कामात हा फरक फार लवकर कळतो. मालक दिवाळीला स्वखुशीने मिठाई देतो आणि करारान्वये बोनस देतो, ह्या दोहोंत मिठाई कदाचित जास्त गोड असेल, पण पुढच्या दिवाळीला ती मागता येत नाही.

दुसरी अडचण : वाटा द्यावयाचा, पण कोणाच्या हाती? काणींची वस्ती डोंगरभर विखुरलेली, आणि संस्थेचा संबंध मुख्यतः कुट्टिचल पंचायतीच्या भागातील लोकांशी आलेला. इतर वस्त्यांना यातले काही ठाऊकच नव्हते. एकत्र बसून निर्णय घेईल अशी जमातीची संघटना नाही. १९९५ सालीच कुट्टिचल भागातील नऊ प्लाथींनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपली विद्या खाजगी कंपनीला विकली जात असल्याबद्दल हरकत घेतली. आदिवासींच्या अभ्यासासाठी कोळिकोड येथे असलेल्या सरकारी संस्थेनेही ह्या व्यवहारावर टीका केली. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदविण्यात आला, आणि त्याच्या खात्यात पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम जमा झाली ती १९९९ मध्ये. परवाना १९९५ चा, पैसे १९९९ ला. संघटना आधी नसली म्हणजे ठरलेली रक्कमही अशी वाटेत बसून राहते.

नऊ प्लाथींच्या पत्राकडे पुष्कळांनी आडमुठेपणा म्हणून पाहिले. आम्ही तसे पाहत नाही. वाटाड्या तरुणांनी जे सांगितले ते सांगण्याचा अधिकार त्यांचा होता काय, हा प्लाथींचा प्रश्न रास्त होता. विद्या संबंध जमातीची, राखणारे प्लाथी, सांगणारे तिघे तरुण. मजुरी कोणाला? सर्वांना म्हणावे तर राखणाऱ्याची किंमत राहत नाही. प्लाथीला म्हणावे तर फळे खाऊन डोंगर चढणारे इतर सर्व वगळले जातात. एका खात्यातील कारागिरांनी मिळविलेली वाढ सर्व कामगारांत वाटावी की नाही, ह्यावर रात्र रात्र चाललेल्या सभा आम्ही पाहिल्या आहेत. तेथे निदान सभा होत होती. डोंगरात ती भरविणार कोण? ह्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी आहे त्याने डोंगर पाहिलेला नसावा.

तिसरी अडचण सर्वांत कठीण निघाली. औषध चालले तर पाने लागणार. आरोग्यपच्चाचा स्वभाव असा की आपल्या रानाबाहेर, सावली आणि ओलावा सोडून, शेतात लावले तर झाड जगते पण गुण उतरत नाही. म्हणजे लागवड करावयाची ती अगस्त्यमलयाच्या कुशीतच, आणि ती काणी कुटुंबांनीच करावी हे ओघाने आले. संस्थेने काही कुटुंबांना त्याचे शिक्षण दिले, आपल्या झोपड्यांभोवती त्यांनी रोपे लावली, पाने विकून चार पैसेही मिळू लागले. तेव्हा वनखात्याने हरकत घेतली. झाड दुर्मिळ, फक्त येथेच उगवणारे; लागवडीचे पान आणि रानातून ओरबाडलेले पान एकसारखे दिसते; परवानगी दिली तर चोरटी तोड सुरू होईल. खात्याची भीती अगदीच पोकळ नव्हती, कारण बाहेरचे व्यापारी पानांच्या मागावर होतेच. पण परिणाम काय झाला? ज्यांच्या नावाचाच अर्थ जमिनीचा वंशपरंपरेने हक्कदार, त्यांनी आपल्या झोपडीमागे आपल्याच पूर्वजांना ठाऊक असलेले रोप लावावयाचे तर परवाना पाहिजे, आणि तो मिळत नाही. माहितीची रॉयल्टी एका हाताने आली आणि पानाची मजुरी दुसऱ्या हाताने अडली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ह्या गाठीला काहीसा हात घातला. गौण वनोपजावरील मालकी त्याने वनात राहणाऱ्या समाजांकडे दिली, आणि जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क आहे असे स्पष्ट शब्दांत म्हटले. आपल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला ह्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये, देशात अगदी आरंभी. तेथे आधी गावाची सभा होती, वर्षानुवर्षे एकमताने निर्णय घेण्याची सवय होती, मग हक्काचा कागद आला. काणींच्या बाबतीत आधी पैसे निघाले आणि ते ठेवण्यासाठी मागाहून मंडळ करावे लागले. दोन्ही ठिकाणचा फरक एवढ्यात आहे.

आता लेखी विद्येकडे वळतो, कारण खरा पेच तेथे आहे. हळदीचे पेटंट आपणां सर्वांना ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉक्टर रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. आजीच्या डब्यातली हळद वाचली! परंतु ती वाचली कशाच्या बळावर? छापील पुराव्याच्या. जुने संस्कृत ग्रंथ आणि मासिकातला लेख कचेरीपुढे ठेवता आले. आजीची तोंडी साक्ष तेथे चालली नसती. म्हणून पुढे सरकारने ग्रंथांतील औषधी ज्ञानाचा संगणकीय संग्रह केला, की परदेशच्या पेटंट कचेऱ्यांना तो पाहता यावा. उत्तम झाले. पण संग्रह झाला तो मुख्यतः ग्रंथांचा. प्लाथीकडे ग्रंथ नाही.

आणि २०२३ ची दुरुस्ती आली, ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे वनस्पतीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावयाचा. देशी कंपन्या म्हणत, हे परदेशी लोकांसाठी आहे, आम्हांला कशाला? उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निकाल दिला की देशी कंपनीलाही तो द्यावाच लागेल. ह्या निकालाने जो दरवाजा उघडला तो दुरुस्तीने बऱ्याच अंशी लोटून घेतला. ज्ञान जर मान्यताप्राप्त ग्रंथांत नमूद असेल, तर ते वापरणाऱ्यास लाभाच्या वाटणीतून आता सूट आहे. ग्रंथातली विद्या सर्वांची, ती मोकळी असावी, हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण मग चरकांच्या त्या पहिल्या अध्यायाचे काय करावयाचे? ग्रंथात जी ओषधी आली ती ग्रंथकर्त्याला कोणी दाखविली, हे ग्रंथानेच सांगून ठेवले आहे. वनवाशाने तोंडी सांगितले म्हणून परदेशी कचेरीत पुरावा नाही. आणि कोणी ते पूर्वीच लिहून घेतले म्हणून स्वदेशी कंपनीकडून वाटा नाही. दोन्हीकडून बिचारा रिकामाच!

तोंडी विद्येचे आयुष्य किती, हाही विचार करावा. काणी जमातीतल्याच लक्ष्मीकुट्टी, कल्लार येथील रानात राहणाऱ्या, ह्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. शेकडो औषधे त्यांना मुखोद्गत आहेत, आणि तिकडे लोक त्यांना प्रेमाने ‘वनमुत्तश्शी’, म्हणजे रानातली आजी, म्हणतात. असा एखादा सन्मान होतो तेव्हा आनंद होतो. पण ज्या विद्येतून पोट भरत नाही ती पोरगा कशाला शिकेल? तो शहरात येतो आणि आमच्या संघटनेच्या दारात कंत्राटी कामगार म्हणून उभा राहतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले असे तरुण आम्हांला भेटतात. घरी बाळहिरडा गोळा करतात, त्याच्या भावासाठी मोर्चे निघतात, त्यांत आम्हीही गेलो आहो. मोर्चात मागणी असते किलोच्या भावाची. ते हिरडा ओळखतात, राखतात, योग्य पंधरवड्यात उतरवितात, ह्या जाणकारीचा वेगळा भाव अजून कोणत्याही मागणीपत्रकात आलेला नाही. तो आला पाहिजे असे आमचे म्हणणे आहे, आणि सोबत्यांपुढे आम्ही ते मांडीत असतो.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की आम्ही शहरातल्यांनी यात करावयाचे काय? एक साधे काम आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला, ग्रामपंचायतीला तशीच नगरपालिकेला आणि महानगरपालिकेलाही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम वर्षानुवर्षे पडून होते. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, आणि राज्य चुकले तर महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. तेव्हा वह्या भराभर पूर्ण झाल्या. तपासणी अधिकारी येणार म्हटल्यावर रातोरात भरलेले हजेरीपट आम्ही पाहिलेले असल्यामुळे ह्या वह्यांकडे आम्ही जरा जपूनच पाहतो. तरी ती वही आहे, आणि तिच्या नमुन्यात वैदू, हकीम व परंपरागत औषध देणाऱ्यांच्या नावांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. ज्याला आपले औषध सांगावयाचे नसेल त्याने ते सांगू नये. नाव मात्र लागले पाहिजे.

आठवडी बाजारात, मंडईच्या बाहेरच्या अंगाला, पोत्यावर मुळ्या-साली मांडून बसणारी एखादी आदिवासी बाई आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. कोणी तिच्याकडून हाडांच्या दुखण्यावरची साल नेतो, कोणी पोरांच्या पोटासाठी मुरडशेंग. पुढच्या खेपेला तिला नाव विचारावे, गाव विचारावे. मग नगरपालिकेत जाऊन ती वही पाहावयास मागावी आणि तो तक्ता उघडून पाहावा.